वाचकांचे प्रश्न : भाड्याच्या घरातला धूर

घरमालकाने भाडेकरूला घरात धूम्रपान करू द्यावे का, या विषयावर घरमालक, भाडेकरू आणि शेजारी अशा तिन्ही बाजूंनी पत्रे आली आहेत. त्यांपैकी काहींना येथे उत्तरे दिली आहेत. पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : मी माझी सदनिका भाड्याने देणार आहे. घर पाहून गेलेल्यांपैकी जे कुटुंब मला सर्वांत जबाबदार वाटले, त्यातील गृहस्थांनी आपण होऊनच सांगितले की, ते सिगारेट ओढतात, पण नेहमी खिडकीशी उभे राहून ओढतात आणि घर सोडताना स्वखर्चाने रंग लावून देतील. मी परवानगी द्यावी का? नकार दिला तर दुसऱ्याच्या खासगी आयुष्यात ढवळाढवळ केल्यासारखे होईल का?

उत्तर : त्या कुटुंबाला घर अवश्य द्या; घरात धूम्रपान करण्याची परवानगी मात्र देऊ नका. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि त्या वेगळ्या ठेवल्या की आपल्या दुसऱ्या प्रश्नातली बरीचशी अडचण दूर होते. भाडेकरू सिगारेट ओढतो की नाही, ही त्याची बाब आहे आणि केवळ त्या कारणावरून एखाद्याला घर नाकारणे मला अन्यायाचे वाटते. सिगारेट कोठे पेटवायची हा प्रश्न मात्र एकट्या त्याचा राहत नाही, कारण धूर त्याच्यापाशी थांबत नाही आणि त्याने घर सोडले तरी धूर ते घर सोडत नाही.

आधी खिडकीचे पाहू. पेटलेल्या सिगारेटचा धूर दोन वाटांनी खोलीत येतो : एक ओढणाऱ्याने श्वासावाटे सोडलेला, आणि दुसरा दोन झुरक्यांच्या मधल्या वेळात जळत्या टोकावरून सतत निघणारा. इतरांच्या श्वासात जाणाऱ्या धुराचा मोठा भाग या दुसऱ्या प्रकारचा असतो आणि तो खिडकीकडे तोंड करून बाहेर फुंकता येत नाही. शिवाय उघड्या खिडकीतून हवा बाहेरच जाईल याची काही खात्री नसते. वारा कोणत्या बाजूचा आहे, आतली हवा बाहेरच्या हवेपेक्षा उबदार आहे की थंड, यावर तिची दिशा ठरते आणि स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट पंखा चालू असेल, तर खिडकीतली हवा धुरासकट आतच ओढली जाते. तंबाखूच्या धुरात ७,००० हून अधिक रसायने आढळली असून त्यांपैकी सुमारे ७० कर्करोगाला कारणीभूत ठरतात. अमेरिकी सरकारचे सार्वजनिक आरोग्याचे प्रमुख डॉक्टर म्हणजे सर्जन जनरल, त्यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात असा निष्कर्ष काढला आहे की, दुसऱ्याच्या धुराचा संपर्क अमुक एका मर्यादेपर्यंत निर्धोक असतो असे म्हणता येत नाही, आणि इमारतीच्या आत धूम्रपान चालू असताना वायुवीजन, हवा शुद्ध करणारी यंत्रे किंवा वेगळी खोली यांपैकी कशानेही तो संपर्क पूर्णपणे टाळता येत नाही. हवाशुद्धीकरण यंत्रातली गाळणी धुराचे कण बऱ्याच प्रमाणात पकडते, पण वायुरूपातली रसायने तिच्यातून निसटून जातात.

आता रंगाचे. त्या गृहस्थांचे आश्वासन प्रामाणिक आहे यात मला शंका नाही, पण रंगाने प्रश्न सुटतो ही समजूत चुकीची आहे. निकोटिन आणि धुरातले इतर चिकट पदार्थ भिंतींच्या गिलाव्यावर, लाकडावर, पडद्यांवर, गाद्यांवर आणि गालिच्यांवर बसतात, आत मुरतात आणि पुढे कित्येक महिने थोडे थोडे पुन्हा हवेत येत राहतात. त्यावर थेट पाण्यात मिसळायचा रंग लावला, तर काही काळाने पिवळट-तपकिरी डाग वर उमटतात, म्हणून भिंती आधी धुवाव्या लागतात आणि डाग अडवणारा वेगळा प्रायमर लावून मगच रंग द्यावा लागतो. एवढे करूनही पडदे, गाद्या, कपाटांच्या आतल्या फळ्या आणि वातानुकूलन यंत्राचा आतला भाग उरतोच. कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कले राष्ट्रीय प्रयोगशाळेतील संशोधकांनी २०१० साली दाखवून दिले की, पृष्ठभागावर बसलेले निकोटिन हवेतील नायट्रस आम्लाशी संयोग पावते आणि त्यातून नायट्रोसामाइन नावाची कर्करोगकारक रसायने तयार होतात. हे आम्ल घरात मुद्दाम कोणी आणत नाही. गॅसची शेगडी आणि वाहनांचा धूर यांतून ते येत असते. म्हणजे सिगारेट विझल्यानंतरही भिंतीवरचा थर निष्क्रिय पडून नसतो.

त्याच सुमारास सॅन डिएगो येथील संशोधकांनी अगदी आपल्या प्रश्नाशी जुळणारी परिस्थिती तपासली. धूम्रपान करणारे कुटुंब घर सोडून गेले, घर सरासरी दोन महिने रिकामे राहिले, साफसफाई झाली, काही ठिकाणी रंग आणि गालिचेही नवे आले, आणि मग तेथे धूम्रपान न करणारे कुटुंब राहायला आले. तरीही त्या घरांतील धुळीत आणि पृष्ठभागांवर निकोटिन सापडले, आणि नव्याने आलेल्या माणसांच्या बोटांवरही ते आढळले. या अभ्यासाचा मला महत्त्वाचा वाटणारा अर्थ असा की, परवानगीचा निर्णय आपण आणि हे गृहस्थ असा दोघांपुरता घेताच येत नाही. आपल्या घरात आणखी काही वर्षांनी राहायला येणारी, आज आपल्यालाही ठाऊक नसलेली माणसे त्या निर्णयाचा परिणाम भोगणार आहेत आणि त्यांच्यात रांगते मूलही असू शकेल.

आगीचा धोकाही लक्षात घ्यायला हवा. झुरका घेताना जळत्या टोकाचे तापमान ९०० अंश सेल्सिअसच्या आसपास जाते, आणि गादीत किंवा सोफ्यात पडलेले थोटूक ज्वाळा न दिसता तासन्‌तास धुमसत राहू शकते. युरोपीय संघात नोव्हेंबर २०११ पासून विकल्या जाणाऱ्या सिगारेटी, ओढणे थांबल्यास आपोआप विझण्याच्या मानकात बसाव्या लागतात आणि त्यासाठी त्यांच्या कागदावर बहुधा जाड पट्टे दिलेले असतात. त्यामुळे धोका कमी होतो, नाहीसा होत नाही. आपल्या घराचा विमा असेल, तर धूम्रपानाबद्दल त्यात काही अट आहे का, हे करारापूर्वी वाचून घ्यावे.

राहिला खासगी आयुष्याचा मुद्दा. कायद्याची भूमिका देशागणिक निराळी आहे. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने २००६ साली असे ठरवले की, करारात वेगळे काही लिहिलेले नसेल तर भाड्याच्या घरात धूम्रपान करणे हा घराच्या नेहमीच्या वापराचाच भाग आहे. मात्र २००८ साली त्याच न्यायालयाने मर्यादाही घालून दिली की, धुराच्या खुणा साध्या रंगकामाने निघत नसतील इतके अति धूम्रपान झाले असेल, तर भाडेकरूला नुकसानभरपाई द्यावी लागेल. अमेरिकेत सरकारी गृहनिर्माण योजनांतील घरांच्या आत आणि इमारतींपासून २५ फुटांपर्यंत सिगारेट, सिगार आणि पाइप ओढण्यास बंदी करण्याचा नियम डिसेंबर २०१६ मध्ये जाहीर झाला आणि जुलै २०१८ अखेरपर्यंत तो सर्वत्र अमलात आणायचा होता. धूम्रपान करणाऱ्यांना तेथे घर मिळणार नाही, असे त्या नियमात कोठेही नाही. निर्बंध आहे तो जागेवर. भारतातील तंबाखू नियंत्रणाच्या २००३ च्या कायद्यातील धूम्रपानबंदी सार्वजनिक ठिकाणांपुरती आहे, स्वतःच्या राहत्या घराला ती लागू होत नाही. तात्पर्य, बहुतेक वेळा हा प्रश्न करारातील शब्दांवरच येऊन ठेपतो आणि म्हणून ते शब्द काळजीपूर्वक लिहायला हवेत.

करारात नुसते ‘धूम्रपान करू नये’ असे लिहून भागत नाही. ‘सदनिकेच्या आत, बाल्कनीत, जिन्यात आणि सामाईक मार्गात भाडेकरू, त्याच्या कुटुंबीय व्यक्ती किंवा पाहुणे सिगारेट, विडी, सिगार, हुक्का अथवा इलेक्ट्रॉनिक सिगारेट ओढणार नाहीत, इमारतीबाहेरील ठरलेल्या जागी ओढण्यास हरकत नाही, या अटीच्या भंगामुळे भिंती, सामान किंवा यंत्रे स्वच्छ करण्याचा जो प्रत्यक्ष खर्च येईल, तो पावत्यांनिशी अनामत रकमेतून वळता केला जाईल’, अशा अर्थाचे कलम असावे. यात पाहुण्यांचा उल्लेख विसरू नये, कारण पुढचे वाद बहुधा तेथेच होतात. बाहेरची जागा दाखवून देणे तर मी अटीइतकेच आवश्यक मानतो. ज्याला जागाच दाखवली नाही, तो माणूस न्हाणीघराचे दार लावून ओढतो आणि तेथली हवा बाहेर नेणारी नळी पुष्कळदा वरच्या-खालच्या घरांशी जोडलेली असते. झाकण असलेले धातूचे, तळाशी वाळू घातलेले रक्षापात्र त्या जागी ठेवले, तर थोटके इतरत्र पडत नाहीत. ताबा देताना प्रत्येक खोलीची तारखेसह छायाचित्रे काढून दोघांच्या सह्यांनिशी ठेवावीत. त्यांचा उपयोग आपल्याइतकाच भाडेकरूलाही होतो, कारण पूर्वीचे डाग त्याच्या माथी मारले जात नाहीत.

हे सारे त्या गृहस्थांना सही करण्यापूर्वी मोकळेपणाने सांगा. त्यांनी स्वतःहून खरे सांगितले आहे. अट मान्य नसेल तर ते दुसरे घर पाहतील, आणि मान्य केली तर ती पाळण्याची शक्यता लपवाछपवी करणाऱ्यापेक्षा त्यांच्याकडून अधिक आहे.

प्रश्न : मी गेली काही वर्षे एका घरात भाड्याने राहतो. मी घरात सिगारेट ओढतो हे मालकांना पहिल्यापासून माहीत आहे आणि करारात त्याबद्दल एक शब्दही नाही. आता त्यांनी अचानक सांगितले आहे की, या महिन्यापासून घरात ओढायची नाही, नाहीतर घर सोडा. मी भाडे देतो, म्हणजे ते माझे घर नव्हे का?

उत्तर : भाडे भरलेल्या काळापुरते ते आपलेच घर आहे, आणि चालू कराराच्या अटी एका बाजूने बदलता येत नाहीत. इतकी वर्षे माहीत असून न घेतलेली हरकत एका महिन्याच्या तोंडी सूचनेने लागू करणे मला योग्य वाटत नाही. मालकांना तसे नम्रपणे आणि लेखी कळवावे. मात्र कराराचे नूतनीकरण होताना ही अट घालण्याचा त्यांना अधिकार आहे आणि ती त्यांनी घातली, तर ती रास्तच असेल, हेही आपण स्वीकारावे असे मी आग्रहाने सांगेन. माझे म्हणजे मला हवे तसे, हा अर्थ स्वतःच्या मालकीच्या घरालाही पूर्णपणे लागू होत नाही, मग भाड्याच्या घराचे तर बोलायलाच नको, कारण ते ठरलेल्या मुदतीनंतर मिळाले तशा स्थितीत परत करायचे असते.

त्यामुळे आपण दोघांनी मधली वाट काढावी. नूतनीकरणापर्यंतचा काळ हा सवय बदलण्याचा काळ मानावा आणि तोपर्यंत निजण्याच्या खोल्यांत अजिबात न ओढण्यापासून सुरुवात करावी. हे सोपे नाही, याची मला जाणीव आहे. रक्तातले निकोटिन साधारण दोन तासांत निम्मे होते. त्यामुळे दिवसभर ठरावीक अंतराने तल्लफ येते आणि प्रत्येक वेळी जिना उतरून जाणे जिवावर येते. ज्यांना व्यसन नाही, त्यांना हा केवळ हट्ट वाटतो. तो हट्ट नाही, शरीराची मागणी आहे. म्हणूनच डॉक्टरांच्या सल्ल्याने निकोटिनच्या पट्ट्या किंवा च्युइंगम घेण्याचा विचार करावा. सिगारेट सोडायची नसली, तरी घरातल्या घरात तल्लफ आवरण्यासाठी त्यांचा उपयोग होतो का, हे डॉक्टरांना विचारता येईल. पूर्ण सोडायचे ठरवलेत, तर सर्वांत अवघड असतात ते पहिले काही दिवस. पुढच्या काही आठवड्यांत त्रास ओसरत जातो. घरात धूम्रपान न करण्याचा नियम पाळणाऱ्यांच्या सिगारेटी कमी होतात आणि सोडण्याचे प्रयत्न अधिक वेळा यशस्वी होतात, असे अनेक अभ्यासांत दिसले आहे.

या निमित्ताने घरमालकांनाही एक विनंती करतो. भाडेकरू वृद्ध असेल, आजारी असेल, जिना उतरू शकत नसेल आणि त्याने आयुष्यभर धूम्रपान केलेले असेल, तर त्याला घराबाहेर काढण्याचे हत्यार म्हणून हा नियम वापरू नका. अशा माणसाला अधिक मुदत द्या, तळमजल्यावरची जागा देता आली तर द्या, आणि त्याच्या घरच्यांशी बोला. नियम लोकांच्या आरोग्यासाठी आहे. एका आजारी माणसाला बेघर करून तो पाळला गेला, असे मी म्हणणार नाही.

प्रश्न : आमच्या खालच्या घरातले भाडेकरू बाल्कनीत आणि न्हाणीघरात सिगारेट ओढतात. धूर थेट आमच्या मुलीच्या खोलीत येतो. तिला दमा आहे. मालक म्हणतात की, घरात कोण काय करते त्याच्याशी त्यांचा संबंध नाही.

उत्तर : संबंध आहे. परवानगी देणारा घरमालक त्या परवानगीच्या परिणामांतून मोकळा होत नाही, आणि दमा असलेल्या मुलांना सिगारेटच्या धुराने दम्याचे झटके अधिक वेळा आणि अधिक तीव्र येतात हे वैद्यकशास्त्राने निर्विवाद मानले आहे. मुलीच्या डॉक्टरांकडून तसे लेखी घ्यावे आणि धूर कोणत्या दिवशी, कोणत्या वेळी, कोणत्या खोलीत आला याची काही आठवडे नोंद ठेवावी. तरीही पहिले बोलणे भाडेकरूंशीच करावे, आणि तक्रारीच्या सुरात न करता मुलीच्या आजाराविषयी सांगून करावे. वर कोणाला त्रास होतो आहे, हे बऱ्याच लोकांना खरोखरच ठाऊक नसते. ते जमले नाही, तर नोंद आणि डॉक्टरांचे पत्र जोडून मालकांना आणि इमारतीच्या व्यवस्थापनाला लेखी कळवावे.

बाल्कनीबाबत जर्मनीच्या त्याच न्यायालयाचा जानेवारी २०१५ चा निर्णय मला उपयोगी वाटतो. खालच्या बाल्कनीतील धुरामुळे वरच्यांना ठळक त्रास होत असेल, तर दोघांनाही बाल्कनी वापरण्याचा हक्क आहे हे धरून दिवसातले काही तास धूरमुक्त ठरवावेत, अशी ती भूमिका आहे. कोठलाही कायदा नसताना शेजारी आपापसांत असे वेळापत्रक ठरवू शकतात. अर्थात दम्याच्या मुलीच्या बाबतीत वेळापत्रक पुरेसे होईलच असे नाही, आणि मी आपल्या जागी असतो तर पूर्ण बंदीचाच आग्रह धरला असता.

दरम्यान, जमिनीतून आणि भिंतीतून गेलेल्या नळांभोवतीच्या फटी, विजेच्या खटक्यांच्या पेट्या, दाराखालची फट आणि न्हाणीघरातल्या हवेच्या नळीचे तोंड तपासावे. उबदार हवा वर चढते, म्हणून खालचा धूर या वाटांनी वरच्या घरात येतो. फटी बुजवल्याने तो कमी होतो, पण पूर्ण थांबत नाही. वायू जाण्यासाठी मुद्दाम ठेवलेले झरोके मात्र बुजवू नयेत. गॅसचे उपकरण असलेल्या खोलीत तर कधीच नाही.

प्रश्न : इलेक्ट्रॉनिक सिगारेटला राख नाही आणि वासही फारसा नाही. तिला परवानगी द्यायला काय हरकत आहे?

उत्तर : तिची वाफ म्हणजे नुसते पाणी नव्हे, तीत अतिसूक्ष्म थेंब आणि बहुधा निकोटिनही असते, आणि तेही पृष्ठभागांवर बसते. जळत्या तंबाखूच्या तुलनेत घरात साचणारे प्रमाण कमी असते, हे मान्य आहे. तरी चार्जिंगला लावलेल्या सदोष बॅटरीमुळे आग लागण्याचा धोका असतो. एकाच घरात दोन नियम ठेवले, की कोणी नक्की काय ओढले हे ठरवण्याचा वाद नव्याने सुरू होतो. दोन्हींना एकच नियम लावावा, आणि जेथे अशा साधनांवर कायद्यानेच बंदी आहे तेथे हा प्रश्न उरतच नाही.

प्रश्न : आम्ही नुकतेच एक घर भाड्याने ठरवले आहे. आत गेल्यावर शिळ्या सिगारेटचा वास येतो. मालक म्हणतात, चार दिवस खिडक्या उघड्या ठेवा, जाईल. आमचे बाळ आता रांगू लागले आहे.

उत्तर : चार दिवसांत तो जाणार नाही, हे पहिल्या उत्तरात सांगितलेल्या सॅन डिएगोच्या अभ्यासावरून आपल्या लक्षात आले असेलच. रांगणारे मूल दिवसभर जमिनीला हात लावते आणि तेच हात तोंडात घालते, शिवाय त्याचा चेहरा धुळीच्या सर्वांत जवळ असतो. त्यामुळे या घरात मोठ्यांपेक्षा त्यालाच जास्त जपायला हवे. शक्य असेल तर दुसरे घर पाहा, असेच मी सांगेन. ते शक्य नसेल, तर राहायला जाण्यापूर्वी पुढील कामे मालकांच्या खर्चाने करून मिळावीत, असे लेखी ठरवावे.

जुने पडदे, गालिचे, गाद्या आणि कापडी बैठका घरातून काढून टाकाव्यात. त्या धुऊन वास जात नाही. भिंती, छत, दारे, पंख्यांची पाती, दिव्यांची आवरणे, खिडक्यांच्या खाचा आणि कपाटांचे आतले भाग कोमट पाणी आणि साबणाच्या द्रावणाने, फडक्याचे पाणी पिवळे होणे थांबेपर्यंत, पुन्हा पुन्हा पुसून घ्यावेत. त्यानंतर डाग अडवणारा प्रायमर आणि मग रंग. वातानुकूलन यंत्राची जाळी बदलून आतील भाग तंत्रज्ञाकडून धुऊन घ्यावा, नाहीतर ते चालू करताच वास परत येतो. सुगंधी फवारे केवळ वास झाकतात. ओझोन सोडणारे यंत्र लावून घर ‘शुद्ध’ करून देण्याचा प्रस्ताव कोणी ठेवला, तर तो नाकारावा, कारण ओझोनचा निकोटिनशी संयोग होऊन नवे त्रासदायक पदार्थ आणि अतिसूक्ष्म कण तयार होतात.

राहायला गेल्यावर पहिले काही महिने जमीन रोज ओल्या फडक्याने पुसावी, बाळाचे हात खाण्यापूर्वी धुवावेत आणि खेळणी वरचेवर धुऊन घ्यावीत. एवढे करूनही वास कायम राहिला किंवा बाळाला खोकला, घरघर सुरू झाली, तर बालरोगतज्ज्ञांना या घराची पूर्वस्थिती आवर्जून सांगावी. अशा प्रसंगी अनामत रक्कम न गमावता घर सोडता येईल, असे कलम करारात आताच घालून घ्यावे. सही होण्यापूर्वी ते मागितले, तर बहुतेक मालक नाही म्हणत नाहीत.